डीएसएलआर की खिशातला डिजिकॅम? पैसे देण्याआधी नाशिकमध्येच घ्यायच्या चाचण्या

दुकानाच्या काउंटरवर दोन कॅमेरे शेजारी ठेवले की निकाल तिथेच लागतो. मोठा तो भारी, छोटा म्हणजे खेळणं. मग दोन-तीन महिन्यांत मोठा कपाटात जातो आणि फक्त लग्नकार्यापुरता बाहेर निघतो, हेही ठरलेलंच.

फोन सोडून वेगळा कॅमेरा घ्यायचाय, बजेट बेताचं आहे आणि मन दोन टोकांत अडकलंय, अशांसाठी ही पद्धत लिहितोय. एका टोकाला सुरुवातीच्या पातळीचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा), म्हणजे निकॉन डी३५००, कॅनन १५००डी, कॅनन २००डी मार्क टू या जातीचा, सोबत १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. दुसऱ्या टोकाला शर्टाच्या खिशात मावणारा अल्ट्राकॉम्पॅक्ट, म्हणजे कॅनन इक्सस १८५, सोनी डब्ल्यू८३० वगैरे. दोन्ही आता बहुतेक करून वापरलेलेच घ्यावे लागतात. कॅनन आणि निकॉन मिररलेसकडे, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले, त्यामुळे हौशी मंडळी आपले डीएसएलआर विकायला काढतायत. आणि कॉलेज रोडवरच्या पोरापोरींना बाबांच्या ड्रॉवरमधला जुना डिजिकॅम एकदम हवासा झालाय. त्यात सिंहस्थ तोंडावर आलाय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेगापिक्सेल बघूच नका. प्रकाश, उशीर (बटण दाबल्यापासून फोटो निघेपर्यंतचा) आणि वजन या तीन गोष्टी बघा, आणि त्या दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, घाटावर आणि लेण्यांत बघा.

आधी फोनची गॅलरी उघडा

मागच्या वर्षभरातले फोटो खाली सरकवत जा आणि ज्या फोटोंवर चरफडलात ते बाजूला काढा. वाढदिवसाला मेणबत्ती फुंकणारी भाची हललेली, गोदाआरतीतले चेहरे काळे, झाडावरचा पक्षी म्हणजे नुसता ठिपका, पिल्लू नेमकं फ्रेमबाहेर पळालेलं. प्रत्येकाशेजारी कारण लिहा: अंधार, हालचाल, लांब, जवळ. यादीत अंधार आणि हालचाल जास्त असेल तर कल डीएसएलआरकडे जाणार. कारणांपेक्षा "कॅमेराच जवळ नव्हता" हेच जास्त वेळा लिहिलं गेलं, तर मोठ्या कॅमेऱ्याने काहीही सुटणार नाही. ही यादी जपून ठेवा, पुढच्या प्रत्येक टप्प्याला लागेल.

दोन्ही एका दिवसासाठी उसने मिळवा

लग्नाचे फोटो काढणारा ओळखीचा कुणी असेल तर त्याच्याकडे जुना डीएसएलआर हमखास पडून असतो. नाहीतर डिपॉझिट आणि ओळखपत्र देऊन भाड्याने घ्या. छोटा कॅमेरा नातेवाइकांच्या ग्रुपवर विचारला की कुणाच्या तरी कपाटातून निघतोच. तो आदल्या रात्री चार्ज करून बघा, कारण वर्षानुवर्षं पडून राहिलेली बॅटरी बहुतेक वेळा मान टाकते. कार्डाचंही तपासा. फार जुने कॅमेरे २ जीबीपर्यंतचंच साधं एसडी कार्ड ओळखतात, त्यानंतरचे एसडीएचसी म्हणजे ३२ जीबीपर्यंतचं. जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते, जुन्या ऑलिम्पसला एक्सडी कार्ड.

निघण्याआधी दोन्हींची घड्याळं एकसारखी लावा, म्हणजे घरी आल्यावर कुठला फोटो कुठल्याच्या जोडीचा हे शोधत बसावं लागत नाही. दोन्ही पी मोडवर (उजेडाचा हिशेब कॅमेराच करतो), फ्लॅश बंद, सर्वांत मोठा जेपीईजी. छोट्याचा डिजिटल झूम मेनूत जाऊन बंद करा. तो झूम नाहीच, फोटो कापून फुगवणं आहे. आणि डीएसएलआर डोळ्याला लावूनच वापरा, मागच्या स्क्रीनवर बघत नाही. याचं कारण रामकुंडावर कळेल.

आकडे, पण कामापुरते

इक्सस १८५ मध्ये २० मेगापिक्सेल, १५००डी मध्ये २४. कागदावर फरक फुटकळ. आता सेन्सर, म्हणजे लेन्समागची प्रकाश टिपणारी चिप, बघा. छोट्याचा साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, कॅननच्या डीएसएलआरचा २२.३ बाय १४.९, निकॉनचा २३.५ बाय १५.६. क्षेत्रफळ धरलं तर बारा-तेरा पट. म्हणजे छिद्र (लेन्सचं तोंड किती उघडं; एफ/ पुढचा आकडा लहान तितकं ते मोठं) आणि शटर (प्रकाश किती वेळ आत येतो) तेच ठेवलं तरी मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश बारा पट पडतो. सेन्सर एकाच पिढीचे असतील तर छोट्याच्या आयएसओ (प्रकाशाला किती संवेदनशील तो आकडा) २०० ला जेवढे रवे, म्हणजे दाणेदार ठिपके, दिसतात, तेवढे डीएसएलआरला साधारण २४०० च्या आसपास दिसायला लागतात. बाकी सगळी भांडणं या एका आकड्यातून निघतात.

सहा बाय चारची प्रिंट काढायला तर जेमतेम २ मेगापिक्सेल पुरतात. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर त्याहून कमी.

पहिली चाचणी: रामकुंडावर सकाळी

उशीर मोजायला घाटासारखी जागा नाही. सूर्य नुकताच वर आलेला असतो आणि कुणीतरी ओंजळीत पाणी घेऊन अर्घ्य देत असतं. ओंजळ उघडते आणि पाण्याची धार तुटते, तो क्षण पकडायचा. आधी छोट्याने बटण एका दमात दाबा. तो आधी फोकस शोधणार, लेन्स जरा पुढे-मागे होणार, मग फोटो. तोवर पाणी खाली पडलेलं असतं आणि माणसाने नमस्काराला हात जोडलेले असतात.

आता तेच दुसऱ्या रीतीने करा. बटण अर्धं दाबून फोकस आधीच पकडून ठेवा, बोट तसंच धरा आणि ओंजळ उघडताना पूर्ण दाबा. फरक लगेच दिसेल. छोटा कॅमेरा मंद आहे ही तक्रार पुष्कळदा या अर्ध्या दाबाची सवय नसल्यामुळेच होते. तरीही ज्या गोष्टीचा अंदाज आधी येत नाही, म्हणजे पाण्यात उडी टाकणारं पोर किंवा एकदम उडालेली कबुतरं, तिथे तो हरतोच.

डीएसएलआरमध्ये फोकससाठी आरशाखाली वेगळी यंत्रणा असते, त्यामुळे डोळ्याला लावलेला कॅमेरा जवळपास लगेच फोकस पकडतो. पण मागचा स्क्रीन चालू करून फोनसारखा हातभर लांब धरलात की आरसा वर जातो आणि ही यंत्रणा आंधळी होते. डी३५०० आणि १५००डी तेव्हा छोट्या कॅमेऱ्याइतकेच रेंगाळतात. (२००डी मार्क टू ला अपवाद म्हणायला हवं, त्याचा सेन्सरवरचा फोकसही चपळ आहे.) डीएसएलआर विकत घेऊन तो कायम स्क्रीनवरच वापरणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांनी छोटाच घेतला असता तर खांदा तरी वाचला असता.

ऊन चढल्यावर आणखी एक गोष्ट कळते. घाटाचा दगड चमकायला लागला की छोट्याच्या स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसतो. त्याला डोळा लावायला खिडकीच नाही.

एक सांगायचं राहिलं. घाटावर लोक आंघोळीला आलेले असतात, फोटोसाठी नाही. मोठी लेन्स रोखली की आयाबाया अवघडतात, आणि ते रास्त आहे. नजरेने विचारा, नकार आला की कॅमेरा खाली.

दुसरी चाचणी: पांडवलेण्यांत

हीच खरी परीक्षा. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडे आहेत आणि ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते, त्यामुळे कॅमेरा हातातच राहतो. आपल्याला तेच हवंय.

तीन क्रमांकाच्या लेण्याच्या व्हरांड्यात, मागच्या भिंतीवर सातवाहनांचा ब्राह्मी शिलालेख आहे. दोन्ही कॅमेरे झूम न करता धरा. छोट्याची (जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मोजमापात) २८ मिलिमीटर आणि डीएसएलआरची १८ मिलिमीटर ही चौकट जवळपास सारखीच भरते. आयएसओ दोन्हीकडे ४०० वर पक्का करा. छोट्याचं छिद्र एफ/३.२, किट लेन्सचं एफ/३.५ ते ४, त्यामुळे शटरचा वेगही जवळपास सारखाच येईल. अक्षरांवर फोकस करून तीन-तीन फोटो घ्या. मग आयएसओ १६०० करून पुन्हा तीन-तीन.

घरी मोठ्या स्क्रीनवर बघताना अक्षराच्या कडेकडे बघा. छेनीची खोबण जिथे संपते तिथे सावलीची बारीक रेघ असते. डीएसएलआरमध्ये ती १६०० लाही टिकते, दगडाचे रवेही वेगळे दिसतात. छोट्यात ४०० लाच कॅमेरा स्वतःहून डाग पुसायला लागतो आणि पुसता पुसता दगडाचा पोतही पुसतो. बेसाल्टची भिंत मेण फासल्यासारखी गुळगुळीत दिसते. अक्षरं वाचता येतात, पण दगड दगड राहत नाही.

तिथून अठरा क्रमांकाच्या चैत्यगृहात जा आणि आतल्या स्तूपाचा फोटो घ्या. इथे हात हलण्याचाही हिशेब येतो, म्हणून लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) आहे का हे आधी बघून ठेवा. इक्सस १८५ मध्ये ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन नाही, त्याच्याच भावंडात, इक्सस १९० मध्ये आहे. सोनी डब्ल्यू८३० मध्येही आहे. किट लेन्सच्या बाबतीतही तीच गंमत: कॅननच्या लेन्सवर आयएस आणि निकॉनच्या लेन्सवर व्हीआर ही अक्षरं हवीत. तीच १८-५५ ही अक्षरं नसलेलीही मिळते आणि विकणारा "किट लेन्स आहे" एवढंच सांगतो.

डीएसएलआरमध्ये याच जागी एक फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काही न पुसलेल्या कच्च्या फाइलमध्ये, घ्या. दाराचं ऊन आणि आतला काळोख एकाच चौकटीत असतो, त्यातला काळोख नंतर संगणकावर उजळता येतो. या छोट्या कॅमेऱ्यांत रॉ नसतंच, जेपीईजी निघाला तो निघाला.

लांबचं: इथे छोटा जिंकतो, मग हरतो

होळकर पुलावर उभे राहा आणि नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीने भरलेली चौकट घ्यायचा प्रयत्न करा. १८-५५ च्या किट लेन्सचं ५५ वरचं टोक म्हणजे जुन्या फिल्मच्या भाषेत ८२ ते ८८ मिलिमीटर. इक्सस १८५ जातो २२४ पर्यंत, म्हणजे अडीच पट जवळ. मोठा कॅमेरा म्हणजे लांबचं दिसणार, हा समज इथे पुलावरच उतरतो. भरउन्हात छोट्याचा हा फोटो चांगला निघतो. पण पावसाळी ढगाळ दिवशी, पूर बघायला सगळं नाशिक पुलावर लोटतं तेव्हा, त्याच झूमवर छिद्र एफ/६.९ झालेलं असतं आणि फोटो हलतो किंवा रवाळ होतो.

पक्ष्यांसाठी नांदूरमध्यमेश्वरला जायचा बेत असेल तर दोघांपैकी कुणीच पुरत नाही. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचं हे अभयारण्य जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, आणि थंडीत तिथे पाहुण्या पक्ष्यांची गर्दी असते, पण ती मनोऱ्यापासून लांब, पाण्यात. छोट्याने काठावरचा बगळा निघेल, उडणारा नाही. डीएसएलआरचं वैशिष्ट्य हे की लेन्स बदलता येते: ५५-२५० लावली की कॅननवर ४०० मिलिमीटरची चौकट, निकॉनवर ७०-३०० लावली की ४५०. तो खर्च आजच हिशेबात धरा, नाहीतर वर्षभर किट लेन्सने ठिपकेच काढाल. आणि फक्त पक्षीच काढायचे असतील तर दोन्ही सोडा, निकॉन पी९०० सारखा २००० मिलिमीटरपर्यंत जाणारा ब्रिज कॅमेरा बघा.

जवळचं: द्राक्षबागेत

दिंडोरी, निफाड, पिंपळगावच्या बागायतदारांनी हे नीट वाचावं. ऑक्टोबर छाटणीनंतर पानावर तेलकट पिवळा डाग दिसला की पान उलटून बघतात. खाली पांढरी बुरशी असेल तर डावणी रोग. त्या पांढऱ्याचा फोटो सल्लागाराला पाठवायचा असतो, आणि तो स्पष्ट हवा.

किट लेन्स सुमारे २५ सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करत नाही. इक्सस १८५ झूम न करता, मॅक्रोवर (अगदी जवळच्या फोटोची सोय), अगदी एका सेंटिमीटरपर्यंत जातो. शिवाय छोट्या सेन्सरमुळे पानाचा उंचसखल भागही बऱ्यापैकी एकाच वेळी स्पष्ट राहतो. डीएसएलआरमध्ये तेवढ्या जवळून एक शीर स्पष्ट आणि शेजारची पुसट होते. फक्त इतक्या जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली पानावर पडते. ऊन बाजूने येईल असं पान धरा, फ्लॅश बंदच ठेवा. औषध फवारलेल्या हाताने हाताळायलाही तो सोयीचा, कापडाने पुसला की झालं.

याची दुसरी बाजू म्हणजे चेहरा स्पष्ट आणि मागचं धूसर असा फोटो. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स प्रत्यक्षात ५ मिलिमीटरपासून सुरू होते. तिच्याकडून ती अपेक्षा करू नका. डीएसएलआरला कॅननची ५० मिलिमीटर एफ/१.८ एसटीएम किंवा निकॉनची ३५ मिलिमीटर एफ/१.८ लावली की किटच्या एफ/३.५ पेक्षा जवळपास चौपट प्रकाशही मिळतो. घरातले वाढदिवस, हळद, बारसं यांना फ्लॅशपेक्षा ही एक लेन्स जास्त कामाची. निकॉनवाल्यांनी सांभाळा: डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुनी एएफ-डी लेन्स स्वस्तात मिळाली तरी फोकस हाताने फिरवत बसावा लागेल. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेलीच घ्या.

बुधवारच्या बाजारात, दोन्ही गळ्यात

वजन तराजूवर नाही, गर्दीत कळतं. छोटा सव्वाशे ग्रॅम. डीएसएलआर किट लेन्ससकट सव्वासहाशे ते पावणेसातशे ग्रॅम, वर बॅग. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात तासभर फिरा. डीएसएलआर काढला की भाजीवाल्या मावशी पदर सारखा करून ताठ बसतात आणि "पेपरात येणार का?" विचारतात. छोट्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, आवाजही नसल्यात जमा, त्यामुळे भाव करणारे हात, तराजू, हशा सगळं नैसर्गिक निघतं. बाजार, एसटीचा प्रवास, हरिहरच्या उभ्या पायऱ्या जिथे दोन्ही हात खोबणीत लागतात, अशा ठिकाणी माझा कौल बिनदिक्कत छोट्याला.

बॅटरीत मात्र उलटं. छोटा एका चार्जवर दोनशेच्या आसपास फोटो देतो, १५००डी पाचशे, डी३५०० तर कंपनीच्या मोजणीने १५५०. सिंहस्थात दिवसभर बाहेर राहायचं असेल तर छोट्याच्या दोन जादा बॅटऱ्या खिशात हव्यात.

घरी आल्यावर

शंभर टक्के झूम करून फोटो फाडत बसू नका. प्रत्येक जागेची एकेक जोडी निवडा, सहा बाय चारच्या प्रिंटा काढा, मागे पेन्सिलीने खूण करा आणि घरच्यांना न सांगता दाखवा. रामकुंडाच्या उन्हातल्या जोडीत बहुतेकांना फरक ओळखता येत नाही. लेण्यातल्या जोडीत आजीही ओळखते. आता पहिली यादी समोर घ्या आणि तुमच्या चरफडीची कारणं कुठल्या जोडीत सुटली ते बघा.

वापरलेला घेताना

विकणाऱ्यासमोर करायच्या गोष्टी:

निकॉन असेल तर एक फोटो काढून मूळ फाइल शटर काउंट (आजवर किती फोटो काढलेत तो आकडा) सांगणाऱ्या वेबसाइटवर टाका, आकडा लगेच मिळतो. डी३५०० चं शटर एक लाख फोटोंसाठी तपासलेलं असतं. लग्नाच्या धंद्यातून आलेला कॅमेरा त्याच्या जवळ पोचलेला असू शकतो. कॅननच्या फोटोत हा आकडा नसतो, त्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं, म्हणून पकडीचं रबर आणि बटणांची झीज बघून अंदाज घ्या.

लेन्स काढून फोनच्या टॉर्चसमोर तिरकी धरा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर फंगस, म्हणजे बुरशी. किंमत कितीही पाडली तरी घेऊ नका. मग एफ/२२ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी उठते. धूळ साफ होते, त्यावर भाव पाडून घ्या.

छोट्याचं मर्मस्थान म्हणजे आत-बाहेर होणारी लेन्स. दहा-बारा वेळा चालू-बंद करा, पूर्ण झूम करून परत आणा. कुरकुर ऐकू आली तर आत वाळू किंवा रंग गेलाय. रहाडीच्या (रंगीत पाण्याच्या हौदाच्या) रंगपंचमीला नेलेले कॅमेरे असेच मरतात, आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीएवढा होतो. बॅटरीचा प्रकारही बघा: इक्सस १८५ ची एनबी-११एल किंवा डब्ल्यू८३० ची एनपी-बीएन अजून मिळते, अनोळखी मॉडेलची मिळेलच असं नाही. "सीसीडी (जुन्या प्रकारचा) सेन्सर आहे, रंग वेगळेच येतात" म्हणून कुणी जादा पैसे मागत असेल तर हसून सोडून द्या. लोकांना आवडतो तो लूक बराचसा समोरून मारलेल्या कडक फ्लॅशचा असतो.

पुढे बाहेरचा फ्लॅश लावायचा विचार असेल तर २००डी मार्क टू च्या हॉट शूवर (फ्लॅश बसवायची खाच) मधली पिन नाही हे लक्षात असू द्या. बाजारातले साधे एका पिनवाले फ्लॅश त्यावर पेटत नाहीत.

पाऊस

ऑगस्ट २०२७ मधल्या स्नानाच्या पर्वण्या पावसातच येतायत. डीएसएलआरला मोठी पारदर्शक पिशवी घाला, लेन्सच्या तोंडाशी भोक पाडून रबरबँड लावा. भर पावसात, गर्दीत लेन्स बदलायची नाही. कुठली लावायची ते निघतानाच ठरवा. छोटा शर्टाच्या खिशात घामाने ओला होतो, त्यासाठी झिपची पिशवी.

घरी आल्यावर ओला कॅमेरा थेट बॅगेत कोंबू नका, पंख्याखाली तासभर उघडा ठेवा. मग झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. जेलचे दाणे रंग बदलणारे घ्या. रंग उतरला की कढईत मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात. चामडी केस पावसाळ्यात अजिबात नको, फंगसची सुरुवात तिथूनच होते. आणि महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा.